न पाळता येणारी आज्ञा

(पहाडगंज, दिल्ली येथे मराठी वाचकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडून मेन बझारमधून येथवर चालत यावे, तर धर्मग्रंथ या वस्तूची गाठ पावलोपावली पडते. एका टोकाला रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. दुसरीकडे, नबी करीमच्या दाट वस्तीत, कदम शरीफचा दर्गा आहे. फिरोजशहा तुघलकाचा मुलगा फतेह खान याची चौदाव्या शतकातील कबर तेथे आहे. मध्ये देवळे आहेत, मशिदी आहेत, गुरुद्वारे आहेत आणि याच वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या आपली मराठी शाळा व आपला गणेशोत्सव चालत आला आहे. येथून पायी जाण्याच्या अंतरावर मंदिर मार्गावरील वाल्मीकी मंदिर आहे. १९४६ आणि १९४७ साली गांधीजी तेथे बरेच महिने राहिले. त्यांच्या सायंप्रार्थनेत गीतेबरोबर कुराणातील आयतीही म्हटल्या जात. १९४७ च्या एप्रिलमध्ये त्या आयतींना काही श्रोत्यांनी हरकत घेतली आणि प्रार्थना थांबवावी लागली. तेव्हा धर्मग्रंथ काय सांगतात आणि त्यांचे आपण काय करावयाचे, हा प्रश्न या भागाला नवा नाही.

या सभेचे निमंत्रण देताना संयोजकांनी एका वाचकाचा प्रश्न मला कळविला. प्रश्न असा : धर्मग्रंथांत परस्परविरोधी वचने आणि माणसाला पाळताच येणार नाहीत अशा आज्ञा असतात काय? आणि असतील, तर श्रद्धावान माणसाने त्यांचे काय करावे?

मी शास्त्री नाही. मराठी घेऊन एम. ए. झाले आणि त्यानंतर भाषांतर हाच व्यवसाय केला. या प्रश्नावर बोलण्याचा माझा अधिकार असलाच तर तो एवढाच की, भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वाक्य इतरांपेक्षा सावकाश वाचावे लागते. काही वर्षांपूर्वी मी भारतीय कायद्याच्या इतिहासावरील एका इंग्रजी ग्रंथाचे भाषांतर करीत होते. एका पानावर दोन प्राचीन वचनांचा सारांश लागोपाठ दिला होता. पहिले वचन एक गोष्ट निषिद्ध ठरवीत होते, दुसरे तीच गोष्ट करावयास सांगत होते. मला ते खटकले. मराठी वाचक गोंधळेल, कदाचित भाषांतर चुकले आहे असेही समजेल, असे वाटून मी पहिल्या वाक्याच्या आरंभी ‘एरवी’ हा शब्द घातला. तीन अक्षरांनी भांडण मिटले. काही दिवसांनी हस्तलिखित परत आले. त्या शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले होते आणि समासात संपादकांनी लिहिले होते, “हा शब्द कोणाचा?”

तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले, थोडे लांबलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम ‘विरोध’ या शब्दाची फोड केली पाहिजे. कारण त्याखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिली गोष्ट म्हणजे परमतत्त्वाविषयीची विरोधाभासात्मक वाक्ये. ते हलते आणि हलत नाही, ते दूर आहे आणि जवळही आहे, असे ईशावास्योपनिषद सांगते. आपल्या संतांच्या वाणीतही अशी विधाने विपुल आहेत. तेथे भाषाच अपुरी पडल्याची ती कबुली आहे. त्या वाक्यांनी कोणाला काही करावयास सांगितलेले नाही, म्हणून ती मोडण्याचाही प्रश्न येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दोन आज्ञांमधील विरोध : एक म्हणते कर, दुसरी म्हणते करू नको. तिसरी गोष्ट म्हणजे अशी आज्ञा की, जिच्याविरुद्ध दुसरे वचन नाही, पण माणसाच्या शक्तीबाहेरची आहे. आजचा विषय या शेवटच्या दोहोंपुरता आहे.

असे विरोध ग्रंथांत आहेत काय? आहेत; आणि ते आधुनिक टीकाकारांनी शोधून काढलेले नाहीत. आपल्याकडे मीमांसा नावाचे एक संपूर्ण शास्त्र अशाच अडचणी सोडविण्यासाठी उभे राहिले. जैमिनीची सूत्रे आणि त्यांवरील शबराचे भाष्य उघडले की, शंका, पूर्वपक्ष आणि सिद्धान्त अशी रांगच लागते. अतिरात्र नावाच्या सोमयागात षोडशी नावाचे पात्र घ्यावे असे एक वेदवचन आहे आणि ते घेऊ नये असेही वेदवचन आहे. दोन्ही वचने सारखीच प्रमाण. मीमांसकांनी त्यांतले एक खोटे ठरविले नाही किंवा दोहोंचा अर्थ ओढूनताणून एक केला नाही. येथे विकल्प आहे, असे त्यांनी सांगितले; घ्यावे किंवा न घ्यावे. मनुस्मृतीही हेच म्हणते की, दोन श्रुतींचा विरोध आला तर दोन्ही धर्मच समजावे. तिने दिलेले उदाहरण अग्निहोत्राचे आहे : कोठे सूर्योदयानंतर होम सांगितला आहे, कोठे सूर्योदयापूर्वी, तर कोठे संधिप्रकाशात.

परंतु विकल्पावर मीमांसक संतुष्ट नव्हते, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. विकल्प मानला की आठ दोष पदरात येतात, असे त्यांनी मोजून दाखविले आहे. एक वचन स्वीकारताना दुसऱ्याचे मान्य असलेले प्रामाण्य बाजूला सारावे लागते आणि त्याच्यावर नसलेले अप्रामाण्य लादावे लागते. पुढच्या खेपेस दुसरे वचन स्वीकारले की, जे लादले ते काढून घ्यावे लागते आणि जे सारले ते परत आणावे लागते. एका बाजूचे चार आणि दुसऱ्या बाजूचे चार, असे आठ. म्हणून विकल्प हा शेवटचा उपाय, दुसरी कोणतीही वाट उरली नाही म्हणजेच घ्यावयाचा. ग्रंथावर पूर्ण श्रद्धा ठेवणाऱ्या माणसांनी ग्रंथातील अडचणीचा हिशेब इतक्या चोखपणे मांडून ठेवला आहे.

आता अशक्य आज्ञेचे उदाहरण घेऊ. वैदिक वाङ्मयात एक सत्र सांगितले आहे, ते सहस्र संवत्सरे चालावयाचे. एक हजार वर्षे! माणसाचे आयुष्य शंभर वर्षांचे. मग हे सत्र करावयाचे कोणी? जैमिनीने सहाव्या अध्यायात हा प्रश्न घेतला आहे आणि त्यावर सुचलेल्या एकूण एक वाटा तपासल्या आहेत. हे सत्र मनुष्यांसाठी नसून देवगंधर्वांसाठी असेल काय? रसायने घेऊन मनुष्य हजार वर्षे जगेल काय? कार्ष्णाजिनी नावाच्या आचार्याचे मत असे की, एकाला अशक्य असले तरी कुळाने ते पुरे करावे. बापाने आरंभावे, नातवा-पणतवांनी शेवटास न्यावे. अडीचशे माणसांनी मिळून चार वर्षांत ते का करू नये, असाही एक पक्ष आहे. या साऱ्यांचा विचार झाल्यावर निर्णय दिला आहे तो असा की, येथे संवत्सर या शब्दाचा अर्थ दिवस असा घ्यावा. हजार वर्षांचे सत्र हजार दिवसांचे झाले.

हे वाचून कोणी हसेल. मीही प्रथम हसले. माझ्या ‘एरवी’पेक्षा हे काय निराळे, असेही मनात आले. परंतु दोहोंत अंतर आहे. जैमिनी आपल्या डोळ्यांदेखत अर्थ बदलतो. का बदलला ते सांगतो, न पटलेल्या सर्व वाटा नोंदवून ठेवतो; त्यांतली एखादी ज्याला पटेल त्याला ती उचलता येते. मी मात्र शब्द गुपचूप घातला होता आणि वाचकाच्या हाती काहीच ठेवले नव्हते. शिवाय या निर्णयामागे एक तत्त्व आहे. आज्ञा ही ज्याला ती पाळण्याचे सामर्थ्य आहे त्यालाच असते. ज्या अर्थाने आज्ञा पाळणे मनुष्याला अशक्य होते, तो अर्थ बरोबर असू शकत नाही.

हेच तत्त्व प्रायश्चित्तांत आणखी व्यावहारिक रूपाने दिसते. प्राजापत्य कृच्छ्र हे बारा दिवसांचे व्रत आहे : तीन दिवस फक्त सकाळी जेवावयाचे, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेच, आणि तीन दिवस उपवास. ज्याला हे झेपत नाही त्याच्यासाठी शास्त्रकारांनी प्रत्याम्नाय म्हणजे बदली कर्म सांगितले : गाय द्यावी, जप करावा किंवा ब्राह्मणभोजन घालावे. गाय नसेल तर तिचे मोल द्यावे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड प्रसिद्ध केले. त्यांपैकी चौथा खंड १९५३ चा. त्यात ही सर्व व्यवस्था तपशीलवार पाहावयास मिळते. त्याच वर्षी काणे राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले.

इतर परंपराही या वाटेने गेल्या आहेत. ज्यू धर्मशास्त्रात उद्दाम, हट्टी मुलाला देहान्ताची शिक्षा सांगितली आहे. तालमूदमधील पंडितांनी त्या नियमाला इतक्या अटी घातल्या की तो कोणालाच लागू पडू नये. आईबापांचा आवाज आणि रूपही सारखे असले पाहिजे, ही त्यांपैकी एक अट. मग त्यांतल्याच काहींनी सांगून टाकले की, असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. आपल्या कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास तर याहून बोलका आहे. परंपरेने मोजलेल्या ६१३ आज्ञांपैकी कितीतरी आज्ञा जेरुसलेमच्या मंदिराशी बांधलेल्या आहेत; इ. स. ७० मध्ये ते मंदिर पडल्यापासून त्या पाळणे कोणालाच शक्य नाही. बेने इस्राएलांजवळ कित्येक शतके ग्रंथही नव्हता. शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि एक प्रार्थना एवढ्यावर त्यांनी आपला धर्म राखला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

कुराणात स्पष्टच म्हटले आहे की, ईश्वर कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकत नाही. त्याच ग्रंथात, पत्नींमध्ये न्याय राखता येत असेल तरच एकाहून अधिक विवाह करावेत अशी अट आहे. आणि पुढे, इच्छा असूनही तुम्हाला तसा न्याय राखता येणार नाही, असेही वचन आहे. ही दोन वचने एकत्र वाचून १९५६ साली ट्युनिशियाने बहुपत्नीत्व कायद्याने बंद केले. तीच दोन वचने समोर ठेवून इतर अनेकांनी मात्र वेगळा अर्थ केला.

येशूच्या गिरिप्रवचनातील आज्ञांची जात निराळी आहे. शत्रूवर प्रीती करा, एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा करा, स्वर्गातील पिता जसा पूर्ण आहे तसे पूर्ण व्हा. येथे प्रत्याम्नाय नाही. अशा आज्ञेविषयी गांधीजींनी १९४६ च्या जुलैमध्ये ‘हरिजन’मध्ये आपल्या ग्रामस्वराज्याच्या चित्राच्या निमित्ताने जे लिहिले, ते उपयोगी पडते. युक्लिडचा बिंदू कोणालाही काढता येत नाही, तरी त्याचे मोल अक्षय आहे, असा त्यांचा आशय होता. न गाठता येणारे टोक दिशा दाखविण्याचे काम करते. त्याच्याकडे पाहून स्वतः चालावयाचे असते.

येथपर्यंतचे चित्र मोठे समाधानकारक आहे. ग्रंथांत विरोध आहेत, ते जुन्यांना ठाऊक होते. आज्ञा अशक्य असेल तर तिला वाट काढून देण्याइतकी माणुसकी भाष्यकारांजवळ होती. आणि जी आज्ञा मुद्दाम अशक्य ठेवली आहे ती ध्येय म्हणून ठेवली आहे. मी येथेच थांबले असते तर भाषण गोड झाले असते. परंतु या चित्रातून एक माणूस गळला आहे.

माझ्या पणजीची थोरली नणंद अकराव्या वर्षी विधवा झाली आणि सत्तरी ओलांडून वारली. सातारा जिल्ह्यातील एका गावी आमच्या जुन्या घरात तिचे सारे आयुष्य गेले. केशवपन, अंगावर आलवण, दिवसातून एकदा जेवण, मंगलकार्यात मागच्या खोलीत बसणे. माझ्या आजीने तिला पाहिले होते. आजी सांगे की, पणजोबांना एकदा कसल्याशा स्पर्शदोषाबद्दल कृच्छ्र सांगितले गेले. घरच्या उपाध्यायांनी ते गोप्रदानाच्या मोलावर, म्हणजे चार नाण्यांवर, भागविले. बारा दिवस सोडाच, एक वेळचा उपासही पणजोबांना घडला नाही. त्याच घरात ही बाई साठ वर्षे आपले व्रत शब्दशः पाळीत होती. आजीचे वाक्य असे होते, “तिच्यासाठी पोथीत दुसरे पान नव्हते.”

वस्तुतः दुसरे पान होते. मनुस्मृतीच्या पाचव्याच अध्यायात दोन आज्ञा आहेत. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीने फुले, मुळे, फळे खाऊन देह झिजवावा आणि परपुरुषाचे नावही घेऊ नये, ही एक. त्यानंतर दहाअकरा श्लोकांच्या अंतराने दुसरी : पत्नी आधी वारली तर पुरुषाने तिचे अंत्यकर्म उरकून पुन्हा विवाह करावा आणि पुन्हा अग्नी प्रज्वलित करावा. पराशरस्मृतीत तर पती नाहीसा झाला, मेला, संन्यासी झाला अशा पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे.

या पराशरवचनावर ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८५५ साली बंगालीत आपले पुस्तक उभे केले. त्यांचा युक्तिवाद आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. पराशराने विधवेला तीन वाटा सांगितल्या : पुनर्विवाह, ब्रह्मचर्य आणि सहगमन. सहगमन १८२९ च्या कायद्याने बंद झाले. उरले ब्रह्मचर्य; पण कलियुगातील सर्वसाधारण मनुष्याला ते जन्मभर पाळणे अशक्य आहे, हे जाणूनच कलियुगासाठी धर्म सांगणाऱ्या मुनीने पुनर्विवाहाची मोकळीक दिली. म्हणजे जैमिनीने हजार वर्षांच्या सत्राला जे तत्त्व लावले, तेच विद्यासागरांनी अकरा वर्षांच्या मुलीला लावले. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला.

हे पुस्तक मराठीत आणले विष्णुशास्त्री पंडित यांनी. ‘इंदुप्रकाश’च्या मराठी विभागाचे ते संपादक, माझ्या व्यवसायातले पूर्वसूरी, असे मी अभिमानाने म्हणते. १८६५ साली भाषांतर प्रसिद्ध झाले, पुढच्याच वर्षी मुंबईत विधवाविवाहोत्तेजक मंडळ निघाले, १८६९ साली त्याच्या पुढाकाराने पुनर्विवाह लागला आणि त्यात भाग घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर वाद झाला. निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला.

पराशरवचनावरील प्रतिपक्षाचे म्हणणे काय होते? एक असे की, चौदाव्या शतकातील भाष्यकार माधवाचार्यांनी ही मोकळीक दुसऱ्या युगापुरती मानली आहे. दुसरे व्याकरणाचे. त्या श्लोकात पती या शब्दाचे जे रूप आले आहे ते पाणिनीच्या नियमाने सिद्ध होत नाही; म्हणून तेथे एक ‘अ’ लुप्त आहे असे समजावे, मूळ शब्द ‘अपति’ घ्यावा आणि त्याचा अर्थ ‘अजून पती न झालेला’, केवळ वाग्दान झालेला, असा करावा. मी तीन अक्षरे घातली होती. येथे एका अक्षराने, तेही न लिहिलेल्या, विवाहित विधवेचा विधवाविवाहाच्या श्लोकाशी संबंध तोडला. हजाराचे वर्ष दिवस करण्याइतकी बुद्धी याही पंडितांजवळ होती. येथे ती उलट दिशेने चालली.

सुधारकांना मोठेपणा देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. पुण्याच्या त्या वादात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे सुधारकांच्या बाजूने होते. विधवाविवाहाला वेदांचा आधार दाखविणारा निबंधही त्यांनी लिहिला. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी त्यांनी विवाह केला. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. आपल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग लपविलेला नाही. विष्णुशास्त्र्यांनी मात्र पुढे स्वतः विधवेशी विवाह केला. स्वतःच पुरस्कारलेली आज्ञा एकाला पाळता आली नाही, दुसऱ्याला आली. रानड्यांना हसण्यासाठी मी हे सांगत नाही. आज्ञा शक्य की अशक्य हे पुष्कळदा तिच्या शब्दांवरून ठरत नाही, भोवतीच्या माणसांवरून ठरते, एवढेच त्यातून दिसते.

ज्यांच्यासंबंधी हा सारा वाद चालला होता, त्या स्त्रिया काय म्हणत होत्या? १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. पतीच देव, हे व्रत स्त्रीला सांगता, तर देवाचे गुण त्या पतीत कोठे आहेत, आणि बायको मेल्यावर तुम्ही का झिजत नाही, हा त्यांचा रोख होता. पंडिता रमाबाईंचा अनुभव याहून खोल गेला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की, कलकत्त्यात शास्त्रग्रंथांचे अध्ययन करताना जवळजवळ प्रत्येक बाबतीत हे ग्रंथ एकमेकांशी विसंगत आहेत असे त्यांना आढळले. मात्र दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत होते : स्त्रीजात स्वभावतः वाईट आहे आणि पतीच्या सेवेवाचून तिला मोक्षाची आशा नाही.

मित्रहो, हा उतारा मी प्रथम वाचला तेव्हा या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तोपर्यंत ग्रंथातील विरोध ही उणीव आहे असे मी समजत होते. भक्त ती झाकतो आणि टीकाकार ती उघडी करतो, एवढाच फरक. रमाबाई दाखवितात की, विरोध होता तेथे निदान वाट होती. जेथे सर्व ग्रंथ एका सुरात बोलत होते, तेथे भिंत होती. विद्यासागरांना पराशराची फट सापडली, म्हणून तर ते आत शिरू शकले.

रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिल्या. १९२२ मध्ये त्या वारल्या, संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथातही आईबापांचा मान राखा ही आज्ञा आहे आणि आईबापांचा द्वेष केल्यावाचून माझा शिष्य होता येणार नाही असे येशूचे वचनही आहे. ‘द्वेष’ हाच शब्द ठेवावयाचा, की ‘कमी प्रीती’ म्हणून धार बोथट करावयाची, हा प्रश्न त्या ओळीवर येणाऱ्या प्रत्येक भाषांतरकारापुढे उभा राहतो.

यावर एक मोठा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले, पण न होऊ शकलेले भाषण ‘जातिनिर्मूलन’ या नावाने परिचित आहे. शास्त्रांचा खरा अर्थ निराळा आहे असे लोकांना सांगत बसण्यात अर्थ नाही, असे त्यांनी त्यात बजावले आहे. लोक शास्त्र जसे समजतात तसे वागतात. म्हणून शास्त्राच्या अधिकारालाच हात घातला पाहिजे. १८७० चा पुण्याचा निर्णय पाहिला की, या म्हणण्याचे वजन कळते. फटीतून आत जाणाऱ्याला ती फट बुजविणारा पंडित नेहमी भेटतो. परंतु त्याच भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत जो भेद केला आहे, तो मला येथे महत्त्वाचा वाटतो. नियम काय करावे ते सांगतो. तत्त्व कशाने निवाडा करावा ते सांगते. नियमाने चालणारा यंत्रासारखा चालतो. तत्त्वाने चालणारा चुकेल, पण त्या कृतीची जबाबदारी त्याची स्वतःची असते.

दोन आज्ञा एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात, किंवा एखादी आज्ञा पाळणे अशक्य होते, तेव्हा नेमके हेच घडते. नियम संपतो आणि निवाडा करणे भाग पडते. तो निवाडा ग्रंथ करीत नाही; आपण करतो. मग तो ग्रंथाच्या नावावर टाकणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय. संवत्सराचा दिवस करणारा जैमिनी निवाडा करीत होता, लुप्त ‘अ’ शोधणारा पंडितही निवाडाच करीत होता. पहिल्याने तो उघडपणे स्वीकारला, दुसऱ्याने तो व्याकरणावर घातला.

म्हणून त्या वाचकाच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. होय, विरोध आहेत. होय, न पाळता येणाऱ्या आज्ञा आहेत. त्यांमुळे ग्रंथ फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण त्यांतून वाट काढताना एक गोष्ट तपासून पाहावी. ही सवलत कोणासाठी निघाली आणि कोणासाठी निघाली नाही? पणजोबांचे कृच्छ्र अशक्य ठरले आणि त्यांच्या बहिणीचे साठ वर्षांचे व्रत शक्य ठरले, ते कोणत्या मापाने? ज्या घरात दोन मापे असतील, तेथे दोष ग्रंथावर ढकलण्यापूर्वी माप हातात धरणाऱ्याकडे पाहावे. आणि हे केवळ जुन्या घरांविषयी नाही. आजही आपल्या घरातील उपासतापास, सोयरसुतक, कोणी कोणत्या दिवशी देवघरात जावे, यांतली सूट कोणाला चटकन मिळते याची यादी ज्याने त्याने आपल्यापुरती करून पाहावी.

आता माझ्या ‘एरवी’चे काय झाले ते सांगून संपविते. तो शब्द मी काढला. दोन्ही वचने मुळात होती तशी शेजारी शेजारी राहिली आणि पुस्तक छापले गेले. पुढे एका वाचकाचे पत्र आले : या पानावर दोन वाक्ये परस्परविरुद्ध आहेत, भाषांतरात चूक तर नाही? मी त्यांना उत्तर लिहिले की, चूक नाही; मुळातच तसे आहे, आणि आपल्याला ते खटकले हे वाचून समाधान वाटले.